एका जाकिटाची खरेदी

वाचकहो, बाजारात एखादी वस्तू आणावयास जावे आणि परतताना त्या वस्तूबरोबर स्वतःची एक जुनी चूकही घरी आणावी, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे काय? माझ्यावर तो गेल्या नोव्हेंबरात आला. भाषांतर हा माझा पोटाचा व्यवसाय. दिवसभर मी दुसऱ्यांची वाक्ये मराठीत आणीत असतो, आणि आपले हे मासिक महाराष्ट्रात, गोव्यात, बेळगावात, इंदूर-बडोद्यात घरोघरी वाचले जाते या जाणिवेने शब्द तोलून घालतो, अशी माझी निदान समजूत होती.

मूळ गोष्ट अशी. बेंगळूरमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीतील वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ सुटीच्या दिवशी कयाक वल्हवावयास जातात. कयाक म्हणजे एकाची, फार तर दोघांची, अरुंद व लांबट होडी. बसणाऱ्याने पाय पुढे पसरावयाचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे डावी-उजवीकडे मारीत जावयाचे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनी सीलच्या कातड्यापासून ही होडी प्रथम बनविली. शिकारी आपल्या होडीची मापे स्वतःच्या अंगावरून, हाताने व वितीने घेत असे, त्यामुळे एकाची होडी दुसऱ्यास तंतोतंत बसणे कठीण. अंगचे माप या गोष्टीकडे मला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

शेजाऱ्यांनी आम्हां तिघांना, म्हणजे मी, पत्नी आणि दहा वर्षांची आमची इरा यांना, जानेवारीत भीमेश्वरीस चलण्याचे निमंत्रण दिले. भीमेश्वरी मंड्या जिल्ह्यात, बेंगळूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कावेरीच्या काठी आहे. इरा त्या क्षणापासून वल्हे मारू लागली. घरात वल्हे नसल्याने केरसुणीने. बेंगळूरच्या मुलांना नदीचे असे वेड असले तर नवल नाही. सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या या शहराला म्हणण्यासारखी मोठी नदी नाही. पूर्वजांनी बांधलेली तळी आहेत, आणि 1974 पासून दुरून पंपांनी वर चढविलेले कावेरीचे पाणी नळाला येते. म्हणजे कावेरी आम्ही रोज पितो, पण तिच्यात उतरावयाचे कसे हे आमच्यातील बहुतेकांस ठाऊक नसते. मी त्या बहुतेकांपैकीच. माझे बालपण बेळगावात गेले, बी.ए. तेथेच झालो, परंतु पोहावयास शिकलो नाही.

खरेदीची यादी दोन ओळींची झाली: कॅमेरा आणि जाकिटे. भीमेश्वरीसारख्या ठिकाणी जाकिटे मिळतात, परंतु शेजारी दरमहा कोठे ना कोठे जातात आणि आम्हीही त्यांच्याबरोबर जाऊ लागू, या उत्साहात स्वतःचीच घ्यावीत असे ठरले. तीस हजार रुपये बाजूला काढले. त्यांची वाटणी मी कशी केली ते सांगताना आज संकोच वाटतो. सत्तावीस हजार कॅमेऱ्यास आणि उरलेले तीन हजार तीन जाकिटांस. ही वाटणी कोणी सुचविली नव्हती, ती आपोआप झाली. कॅमेऱ्याविषयी मी महिनाभर वाचीत होतो. जाकिटाविषयी वाचण्यासारखे काही असते हेच डोक्यात नव्हते.

कॅमेऱ्याच्या दुकानातील तरुण मोठा जाणता होता. त्याने सांगितलेले पुष्कळसे खरे ठरले, म्हणून तुमच्यासाठी येथे नोंदवितो. मोबाईलवर ‘आय.पी. 67’ असे लिहिलेले असते, त्यातील शेवटचा सात पाण्याविषयीचा: एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. पण ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात घेतलेली असते. वाहत्या नदीचा मारा तीत धरलेला नाही. शिवाय ओल्या बोटांचा स्पर्श मोबाईलच्या काचेस धड कळत नाही, आणि होडीत बोटे कोरडी राहणार कोठून? म्हणून लोक हल्ली मुठीत मावणारे, अंगचेच जलाभेद्य कॅमेरे घेतात. असे कित्येक कॅमेरे वेगळ्या पेटीवाचून दहा मीटरपर्यंत पाणी सोसतात. कल्पना नवी नाही. पाण्याखाली चालणारा निकोनॉस कॅमेरा 1963 मध्ये निघाला होता. आणि लाटांवर फळीने घसरणाऱ्या निक वुडमन यांनी स्वतःची छायाचित्रे काढता यावीत म्हणून मनगटाला बांधावयाचा गोप्रो 2004 मध्ये विक्रीस आणला, तोसुद्धा फिल्मचा होता.

तरुणाने तीन गोष्टी आग्रहाने सांगितल्या. एक, बटण एकच आणि मोठे असावे. दोन, बॅटरीच्या दाराला आतून रबराची कडी असते, तिच्यावर केस किंवा वाळूचा कण राहिला की दहा मीटरची हमी एका वितीत संपते. तीन, हे कॅमेरे बुडतात. काळा कॅमेरा हिरवट पाण्यात पडला तर तो कावेरीमाईच्या ओटीत घातला असे समजावे. म्हणून तरंगणारी नारिंगी मूठ घ्यावी. हे सर्व ऐकून मी प्रसन्न झालो आणि त्याच आनंदात खेळाच्या साहित्याच्या दुकानात शिरलो.

तेथे संभाषण फार थोडे झाले. “जाकिटे दाखवा,” मी म्हणालो. “माप?” असे कोणी विचारले नाही. सर्वांना एकच माप, असे सांगून दुकानदारांनी नारिंगी रंगाची दोन आणि इराच्या हट्टाखातर जांभळ्या रंगाचे एक, अशी तीन काढली. पत्नीने एवढेच म्हटले की हा नारिंगी रंग छायाचित्रात सगळे कपडे झाकून टाकणार. तीन हजारांत पन्नास रुपये वाचले. आम्ही रिक्षात बसलो.

रिक्षा वाहतुकीत अडकली, आणि वाचण्याचा रोग असल्यामुळे मी जाकीट उलटे करून आतील पट्टी वाचू लागलो. नारिंगी जाकिटांवर 50 हा आकडा होता. त्याखाली इंग्रजीत लिहिले होते की हे तरंगण्यास साहाय्य करणारे साधन असून केवळ पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असेल अशा शांत पाण्यासाठी आहे. जांभळ्या जाकिटात कसलाही आकडा नव्हता. मी ते वाक्य दोनदा वाचले. वाचकहो, ते मी पूर्वी वाचले होते. नुसते वाचले नव्हते, त्याचे भाषांतर केले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्याबरोबर जुन्या अंकांचे बांधीव खंड काढले. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पाण्यातील सुरक्षिततेविषयी दोन पानांचा मजकूर दिला होता, मराठी माझे. मूळ इंग्रजीत दोन वेगवेगळी नावे होती. एक, खरेखुरे प्राणरक्षक जाकीट, जे शुद्ध हरपलेल्या माणसालाही उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर धरण्यासाठी असते. दुसरे, केवळ तरंगण्यास हातभार लावणारे, ज्यात तोंड वर ठेवण्याचे काम घालणाऱ्याने स्वतः करावयाचे असते. मी दोहोंसाठी ‘जीवरक्षक जाकीट’ हा एकच शब्द वापरला होता. कारणही आठवले. दुसऱ्यासाठी ‘उत्प्लावन-साहाय्यक’ असा काहीसा शब्द सुचला होता, तो कानाला बोचला, आणि भाषा प्रवाही राहावी म्हणून मी तो गाळला. त्यामुळे छापलेले वाक्य असे झाले होते की जीवरक्षक जाकीट घातले असता पोहता न येणाऱ्यासही बुडण्याचे भय फारसे राहत नाही. मुळात ते वाक्य फक्त पहिल्या प्रकाराविषयी होते. मी ते दोन्हींस लागू करून हजारो घरांत पाठविले होते.

कोणी ते वाचून पाण्यात उतरले असेल काय? तसे पत्र कधी आले नाही. परंतु ज्याच्यावर ही वेळ आली असेल तो पत्र लिहावयास राहिला असेल असे थोडेच आहे. त्या दिवशी माझ्या हातून फारसे काम झाले नाही.

संध्याकाळी पत्नीस सांगितले. तिचे माहेर कोल्हापूरकडील. विहिरीत सूर मारीत वाढलेली. ती म्हणाली, “तुझ्या त्या दोन शब्दांतला फरक आमच्या विहिरीवरच्या प्रत्येक पोराला कळत होता. पाठीला सुका भोपळा बांधून काका आम्हांला आत सोडायचे. भोपळा बुडू देत नाही, पण हातपाय मारले नाहीत तर पालथा तरंगवतो. तोंड वर ठेवणे आपले काम. म्हणून तर काका काठावर बसलेले असायचे.” भाषांतरासाठी मी शब्दकोश उघडले होते, घरात विचारले नव्हते.

आता त्या आकड्यांविषयी. हे आकडे न्यूटन या मापात असतात. दहा न्यूटन म्हणजे स्थूलमानाने एक किलो उचलण्याइतका जोर. पन्नासचे जाकीट सुमारे पाच किलो उचलते. पासष्ट किलोच्या माणसाला पाच किलोंनी काय होणार, असे वाटेल. पण शरीराचा बहुतेक भार पाणी स्वतःच उचलते. उरतो तो मुख्यत्वे पाण्याबाहेर ठेवावयाच्या डोक्याचा, आणि डोके चार-पाच किलोंचे असते. म्हणजे तरंगण्यास पन्नास पुरे. प्रश्न तरंगण्याचा नसून कोणत्या अंगावर तरंगावे याचा आहे. शंभर किंवा दीडशेच्या जाकिटात फेस मुख्यतः छातीवर असतो आणि मानेमागे उशीसारखी कॉलर असते, त्यामुळे अंग उताणे होते. पन्नासच्यात तो पुढे-मागे जवळजवळ सारखा असतो.

मग सर्वांनी शंभरचेच का घेऊ नये? मलाही तसेच वाटले. परंतु कयाक वल्हवणारे लोक मुद्दाम पन्नासचे घेतात, आणि तेही अडाणीपणाने नव्हे. जाड छाती आणि कॉलर यांमुळे वल्हे फिरविताना दंड घासतात, मान वळत नाही, आणि उलटल्यावर पोहून होडी गाठावयाची तर जाडजूड जाकीट अडथळा करते. ज्याला पोहता येते त्याला मोकळे हात हेच संरक्षण. येथे सर्वांना लागू पडेल असा एक नियम सांगता येत नाही, आणि ‘सर्वांना एकच माप’ हे शब्द तर दुकानातून हद्दपारच केले पाहिजेत.

जाकिटाचे मोल कोणी पटवून दिले असेल तर एका जुन्या घटनेने. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिटबी येथे 9 फेब्रुवारी 1861 रोजी मोठे वादळ झाले. बचावनौकेच्या तेरा जणांनी दिवसभरात अनेक जहाजांवरील माणसे वाचविली आणि अखेर त्यांचीच नाव उलटली. बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन हा एकटाच, आणि नव्या पद्धतीचे बुचाचे जाकीट त्या दिवशी अंगात असलेलाही तोच एकटा. पुढे बुचाच्या जागी सावरीचा कापूस आला, ज्यावर आपण उशीत डोके टेकतो तोच. मग प्लॅस्टिकचा फेस आला. उशी म्हणून जाकिटावर बसण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. तसे बसल्याने फेस दबतो आणि त्याची तरंगविण्याची शक्ती कमी होत जाते.

शेजाऱ्यांच्या ओळखीने एका तरणतलावावर शिकविणाऱ्या निवृत्त सैनिकांकडे गेलो. त्यांनी आमचे सामान पाहिले, काही बोलले नाहीत; इराला जांभळे जाकीट घालावयास सांगितले, पट्टे लावले, आणि दोन्ही खांद्यांशी धरून ते वर उचलले. जाकीट तिच्या कानांपर्यंत आले आणि मुलगी आत तशीच उभी. मग त्यांनी तिला कमरेइतक्या पाण्यात उतरविले व पाय उचलावयास सांगितले. जाकीट वर तरंगले, इरा त्याच्या खाली. हनुवटी, मग ओठ, मग नाक. त्यांनी लगेच हात घातला; सगळे मिळून दोन सेकंद झाले असतील. इरा खोकत हसली. मला हसता आले नाही.

इन्युइटांचे माप येथे आठवते. लहान मुलाचे जाकीट वयावरून नव्हे, ‘पुढच्या वर्षीही होईल’ या आपल्या गृहस्थी हिशेबाने तर नव्हेच, वजनावरून आणि छातीच्या घेरावरून घ्यावयाचे असते. ते आतील पट्टीवर लिहिलेले असते, आणि नसेल तर ते जाकीट घेऊ नये. मांड्यांमधून जाणारा पट्टा असला तर ते वर सरकत नाही. रंगाविषयी सैनिकांचे मत ठाम होते: पाण्यात शोधावयाचे आहे ते पिवळे किंवा नारिंगी असावे, जांभळे पाण्यात हरवते. छायाचित्रात कपडे झाकले जातात हे पत्नीचे निरीक्षण मी त्यांना सांगितले नाही. परंतु त्यांनी आपणहून सांगितले की संगम आणि मेकेदाटू येथे त्यांना सर्वांत जास्त भय वाटते ते छायाचित्र काढणाऱ्यांचे. मेकेदाटू म्हणजे बकरीची उडी. तेथे कावेरी खडकांच्या चिरेत इतकी अरुंद होते की बकरीने ती ओलांडली असे लोक सांगतात. पाणी वरून साधे दिसते, आणि कॅमेऱ्यात पाहणारा माणूस पायांकडे पाहत नाही. चांगले दिसावे म्हणून जाकीट काढावयाचे ते नेमके त्याच क्षणी.

तीनही जाकिटे आम्ही परत केली. दुकानदारांनी कुरकुर न करता पैसे दिले, हे सांगितलेच पाहिजे. नव्या वाटणीत पत्नीला पन्नासचे, कारण ती आमच्यापेक्षा बरी पोहते. मला शंभरचे, कॉलरसह, त्यात मी कासवासारखा दिसतो. आणि इराला तिच्या वजनाचे, कॉलर व मांडीच्या पट्ट्यासह, पिवळे. यात अर्ध्याहून अधिक रक्कम गेली. त्यावर तरणतलावाची दोन महिन्यांची फी भरली, ती माझी. सदतिसाव्या वर्षी उथळ पाण्यात काठाला धरून पाय हलविताना शेजारी पाच वर्षांची मुले सुळकन निघून जातात, तेव्हा माणसाच्या अहंकाराचे काय होते ते सांगत बसत नाही. सैनिक मात्र “निधान, निधान” म्हणत राहिले. कन्नडमधल्या या सबुरीच्या शब्दाइतका धीर मला मराठीतल्या कोणत्याही शब्दाने त्या काळात दिला नसता.

उरलेल्या पैशात साधा, जुना पण चांगल्या स्थितीतला एक छोटा कॅमेरा आला. तो आम्ही गळ्यात घातला नाही. गळ्यातील दोरी होडी उलटताना वल्ह्यात किंवा वेलीत अडकू शकते, आणि ज्याला दोन्ही हात वल्ह्यावर ठेवावयाचे आहेत त्याने कॅमेरा हातात धरावयाचा तरी कशाला? तो होडीच्या पुढच्या भागावर, आमच्याकडे तोंड करून, बसविला आणि नारिंगी मूठही त्यालाच बांधून ठेवली. भिंगावर थेंब बसतात, ते पुसण्यास कोरडे फडके राहत नाही, हे तेथे गेल्यावर कळले.

जानेवारीत जाऊ शकलो नाही. माझे शिक्षण पुरे झाले नव्हते. फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो. सकाळी कावेरीवर ऊन तिरपे पडले होते. पलीकडच्या काठाजवळून एक हरिगोलु, म्हणजे बांबूची गोल टोपलीसारखी नाव, स्वतःभोवती फिरत चालली होती. इरा आणि मी दोघांच्या होडीत, पत्नी एकटी, शेजारी थोडे पुढे. चार वेळा नीट गेलो-आलो. पाचव्या वेळी इराने पाणकावळा दाखविला, मी वळून पाहिले, आणि होडीने आम्हांला शांतपणे पाण्यात सोडले. पाणी थंड होते. मी वर आलो तो उताणाच आलो, आकाश दिसले. दोन हातांवर इरा पिवळ्या कॉलरमध्ये मान टेकून तरंगत होती. “बाबा, पट्टा नाही सरकला,” ती म्हणाली.

ज्या मजकुराविषयी वर लिहिले त्याची दुरुस्ती याच अंकात स्वतंत्र चौकटीत दिली आहे. पोहता न येणाऱ्यासाठी, उताणे करणारे ते ‘जीवरक्षक जाकीट’. पन्नासचे, पोहणाऱ्यास हातभार लावणारे ते ‘तरंगजाकीट’; यापुढे आमच्या पानांवर हे दोन शब्द वेगळे राहतील. तुमच्या गावी, धरणावर किंवा खाडीत याहून चांगला शब्द रूढ असेल तर जरूर कळवा, आनंदाने स्वीकारू. जुना अंक घरी असेल तर त्या पानावर पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवा.

चित्रण पाहावयाचे राहिले होते. कॅमेरा गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करून रात्री लावला. बराच भाग थेंबांनी धूसर. माझी हनुवटी आणि जाकिटाची कड पुष्कळ वेळ. मग होडी तिरपी होते, हिरवे पाणी, बुडबुड्यांचा आवाज, आणि बाहेरून पत्नीचे हसणे. तेवढा तुकडा बेळगावला आईस पाठविला. तिने तो तीनदा पाहिला, असे बहिणीने कळविले, आणि मग एवढेच विचारले की मुलीच्या जाकिटाचे पट्टे आवळले कोणी.